काट्यावर गेलेला मामा

ती. नानासो दाजी यांना, मुक्काम पलूस.

वडूजच्या माळावरून तुमचा मेव्हणा गुंडा याचा दोन्ही हात जोडून आणि गुडघा जेवढा वाकतो तेवढा वाकवून नमस्कार. इकडं सगळं ठीक. आमच्या मंडळींची, म्हणजे मनुबाईंची, पाठ ठीक, म्हैस ठीक, ज्वारी यंदा पोत्यात भरण्याइतकी ठीक. तिकडं तुमची शुगर कशी आहे, आमच्या अंजनाचा खोकला गेला का, शिवांजली बरी आहे ना, हे सगळं विचारायला मी रोज फोन लावतो. तो लागत नाही. आमच्या लेकीनं, क्रांतीनं, माझा मोबाइल हातात घेऊन पाहिला आणि सांगितलं, की आबा, नानांनी तुम्हाला ब्लॉक केलंय. ब्लॉक हा शब्द मला या महिन्यात दुसऱ्यांदा भेटला (पहिल्यांदा कुठं भेटला ते पुढं येईल). म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. पाकीट ब्लॉक करता येत नाही. फाडून टाकता येतं, पण अंजना ते फाडू देणार नाही. ती आमची बहीण आहे.

मुद्दा तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो. शिवांजलीच्या साखरपुड्याला मी, तिचा सख्खा मामा, पंगत उठल्यावर पोचलो. त्यावर तुम्ही मांडवात चारचौघांदेखत सांगितलंत, की लग्नात पोरीच्या मागं मामा म्हणून आप्पासो उभा राहील. आप्पासो आमचा चुलतभाऊ. माणूस चांगला आहे, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही (आहे, पण ती शेवटी). मी त्या वेळी काही बोललो नाही, कारण तुमचा आवाज चढला होता आणि माझ्या हातात पेढ्यांचे डबे होते. आता डबे नाहीत. तेव्हा उशीर का झाला ते सगळं सांगतो. सगळं ऐकल्यावर तुम्ही तोंडात बोट घालाल, एवढी खात्री आहे. मी अजून काढलेलं नाही.

मी उभी नोकरी फौजेत रडारवर काढली, हे तुम्ही लग्नाआधीपासून ऐकत आला आहात. (अंजनाला बघायला आलात तेव्हा मी सुट्टीवर होतो आणि जेवण होईपर्यंत तुम्हाला रडारच सांगत होतो, असं ती अजून म्हणते.) आमचं रडार म्हणजे एका ट्रकवर बसवलेला संसार. त्याला वीज द्यायला जनरेटरचा दुसरा ट्रक, जनरेटरला पाजायला डिझेलचा तिसरा, हे सगळं राखायला आम्ही जवान, आणि आम्हाला राखायला साहेब. वर भली मोठी थाळी फिरायची आणि खाली आम्ही हिरव्या पडद्याकडं डोळे लावून बसायचो. राजस्थानच्या वाळूत त्या ट्रकच्या आत एवढं उकडायचं, की पडद्यावरचा ठिपका विमानाचा की घामाचा हे आधी पुसून बघावं लागे. आणि दाजी, तेच रडार आता क्रांतीच्या नव्या गाडीच्या नाकात आहे. तंबाखूच्या डबीपेक्षा थोडं मोठं. जनरेटर नाही, डिझेल नाही, साहेब नाही. ती पुण्यात गाड्यांचे भाग तपासायच्या कामावर आहे, तिला त्याचं काहीच वाटत नाही. तिनं वाकून बंपरमागची जागा दाखवली तेव्हा मी पाय जुळवून सॅल्यूट ठोकला. पोरगी हसायला लागली. मी म्हटलं, हसू नकोस, आमच्या खात्यातलं आहे ते.

ते काय करतं ते ऐका. गाडीला आपण सांगायचं, ऐंशीनं चल. ती ऐंशीनं चालते, पाय पेडलवर नको. रडार सारखी लाट सोडत असतं. ती पुढच्या गाडीच्या लोखंडाला शिवून परत येते. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, हे कुणालाही सुचेल. खरी गंमत पुढं आहे. हॉर्न वाजवत ट्रक आपल्याकडं येतो तेव्हा आवाज बारीक, चढा लागतो, आणि आपल्याला ओलांडून गेला की एकदम उतरतो, हे तुम्ही तुमच्या फाट्यावर उभं राहून हजारदा ऐकलं असेल. लाटेचंही तेच होतं. परत आलेली लाट किती चढली त्यावरून ती डबी ओळखते, की पुढची गाडी आपल्यापेक्षा किती हळू आहे. मग आपली गाडी आपणहून हळू होते, पुढचा थांबला की थांबते, तो निघाला की निघते. आणि ज्या गोष्टीपुढं मी हात टेकले ती अशी: एखादी वस्तू बरोबर आपल्याच वेगानं आपल्यावर चालून येत असेल, तर ती येतच नसते. ती उभी आहे. येतोय आपण. हे त्या डबीला कळतं, दाजी! आमच्या भावकीत हे अजून कुणाला कळलेलं नाही.

आता पहिल्या ब्लॉकची गोष्ट. सुट्टी नाही म्हणून क्रांती एसटीनं पुण्याला गेली आणि साखरपुड्यासाठी गाडी आमच्या अंगणात ठेवून गेली. मनुबाईंनी नव्या गाडीची पूजा केली. पूजेला माझी ना नाही. पण त्यांनी गाडीच्या नाकावर ओल्या हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि वर झेंडूचा असा घसघशीत हार घातला, की तसा मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाला नव्हता. मी गाडी सुरू केली आणि समोरच्या पडद्यावर इंग्रजीत आलं, रडार ब्लॉक्ड. दाजी, ज्यानं रडारवर नोकरी केली त्याला हे दोन शब्द म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? आमच्या काळी याचा एकच अर्थ होता, शत्रूनं जॅमिंग सुरू केलंय, म्हणजे आपलं रडार आंधळं करतोय. मी इंजिन बंद केलं, मनुबाईंना खाली बसा म्हणून ओरडलो आणि आभाळाकडं बघितलं. आभाळात घार होती. शेवटी क्रांतीनं फोनवर सांगितलं, आबा, हार काढा. हार काढला, स्वस्तिक पुसलं (मनुबाईंनी तोंड फिरवून घेतलं), आणि डबीला पुन्हा दिसायला लागलं.

साखरपुड्याच्या दिवशी आम्ही भरपूर वेळ हाताशी ठेवून निघालो. हे मी देवाशपथ सांगतो, मनुबाईंना विचारा. पुसेसावळीपर्यंत काही झालं नाही. कडेगाव मागं पडलं, रस्ता सरळ आणि मोकळा लागला, आणि मी गाडी ऐंशीला बांधून पाय मोकळा सोडला. लांब पुढं मला नुसता उसाचा एक पुंजका दिसत होता. तो उभा आहे की चालतोय हेही माझ्या डोळ्यांना कळेना. तेवढ्यात काचेखालच्या पडद्यावर गाडीचं बारीक चित्र उमटलं आणि आमची गाडी हळूहळू श्वास सोडावा तशी मंद व्हायला लागली. ट्रॅक्टर होता, दाजी. मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्याबाहेर हातभर लोंबणारा ऊस, गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली, की आमच्या काचा थरथरत होत्या. ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. डबीनं त्या सगळ्या उसाखालचं लोखंड हुडकून काढलं होतं. ट्रॅक्टर खड्ड्याला दबकला, आम्ही दबकलो. तो निघाला, आम्ही निघालो. ड्रायव्हर उतरून दोरी आवळायला लागला, आम्ही मागं आज्ञाधारक उभे. मी मनुबाईंना म्हटलं, बघा, माझा पाय बघा, कुठाय? त्या म्हणाल्या, “पाय ऱ्हाऊ द्या, पोरगी पाटावर बसायची येळ झाली. काढा की गाडी पुढं!”

पुढं काढायला रस्ता मोकळा होता, हे मी लपवत नाही. पण जो माणूस आयुष्यभर टार्गेट धरून बसला त्याला तुम्ही हे विचारू नका. आमच्याकडं एकदा धरलेलं टार्गेट दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याशिवाय सोडत नसत. ट्रॅक्टरनं हात दाखवला आणि आत वळला. वळणावर डबीला तो क्षणभर दिसेनासा झाला (ती सरळ समोर बघते, मान वळवत नाही) आणि रस्ता मोकळा झाला असं समजून गाडी पळायला लागली. मला वाटलं, गेलं टार्गेट! माझे हात आपोआप वळले. ट्रॅक्टर परत नाकासमोर आला, पडद्यावर चित्र उमटलं, गाडी मंद झाली, आणि मी मोठ्यानं ‘सापडला’ म्हणून ओरडलो. आता वळून बघितलं तर ते साखर कारखान्याचं आवार. गळीत हंगाम भरात होता. आमच्या मागं आणखी एक ट्रॅक्टर येऊन लागला, डाव्या अंगाला ट्रक, उजव्या अंगाला बैलगाड्या. बाहेर पडायला टाचणीएवढी जागा नाही. रांग जाईल तिथं जायचं. (बैलगाड्यांचं मात्र डबीला नीट जमलं नाही. मध्येच एक बैलगाडी आमच्या पुढं घुसली, ती तिला कधी दिसायची, कधी नाही. लाकूड आणि बैल तिच्या ओळखीचे नसावेत. तेवढा वेळ मी पाय ब्रेकवर ठेवला. बैलानं शेपटीनं बॉनेट दोनदा पुसून दिलं.)

तुम्ही म्हणाल, फोन का केला नाही. केला. गाण्यांच्या आवाजात तुम्हाला काय ऐकू गेलं देव जाणे. मी सांगत होतो, की कारखान्यावर अडकलोय, आणि तुम्ही लोकांना सांगितलंत, मामा कारखान्यावर ऊस घालायला गेलाय. दाजी, आमच्या माळावर ऊस कुठला? रांग सरकत सरकत आम्ही वजनकाट्यावर गेलो. काट्यावरचा माणूस खिडकीतून खाली वाकून बघायला लागला. “ऊस कुठाय?” मी म्हटलं, ऊस नाही. “मग गाडी काट्यावर कशाला आणलीसा?” मी त्याला रडार समजावून सांगायला लागलो. मागून हॉर्न सुरू झाले. त्यानं कपाळाला हात लावून आम्हाला पुढं जायला सांगितलं, पण त्याआधी त्या मोठ्या पाटीवर लाल अक्षरांत आमचं वजन झळकलंच. गाडी, मी, पेढे, शिवांजलीची साडी आणि मनुबाई. मनुबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. तो आकडा कुणाला सांगणार नाही, असं मी त्यांना वचन दिलं आहे.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या बाजूनं माहीत आहे. माझ्या बाजूनं असं, की मांडवात शिरलो तेव्हा बायका पोरीची ओटी आवरत होत्या आणि मामाच्या जागेवरून आप्पासो उठत होता. तुम्ही जे बोलायचं ते बोललात. मग मी कडेच्या खुर्चीत बसलो. तुम्ही माझ्यासमोरून पानाचं ताट घेऊन गेलात, पाण्याची कळशी घेऊन गेलात, पाहुण्यांना निरोप द्यायला गेलात. माझ्या डाव्या हाताच्या माणसाला चहा आला, उजव्या हाताच्या माणसाला चहा आला. मला वाईट वाटलं, दाजी. फार वाटलं. चहाचं नाही.

परत निघालो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता आणि रस्त्यावर धूळ तरंगत होती. गाडी ऐंशीला बांधलेली, पाय मोकळा. एका वळणातून बाहेर पडलो तर समोर रस्त्यातच टायर फुटलेली उसाची ट्रॉली उभी. दिवा नाही, माणूस नाही, चाकाला दगड लावून ठेवलेले. मी डबीची वाट बघत होतो. आता पडद्यावर चित्र येईल, आता गाडी मंद होईल. काही नाही. गाडी सरळ ऐंशीनं तिच्यावर निघालेली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मनुबाई पुढच्या सीटवर आपटल्या, उरलेले पेढे काचेवर गेले, आणि आम्ही उसाची पानं बॉनेटला शिवतील एवढ्यावर थांबलो. मनुबाईंनी मागून फक्त एवढंच म्हटलं, “हाय न्हवं सगळं?” मी म्हटलं, हाय.

तिथंच कडेला लावून क्रांतीला फोन केला. वाटलं होतं ती घाबरेल. घाबरली, आणि मग रागावली. आबा, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते वाचलं का? आधीपासून उभ्या असलेल्या वस्तूसाठी ती थांबेलच असं नाही. मी म्हटलं, दिसत कशी नाही, अख्खी ट्रॉली! ती म्हणाली, दिसते. पण रस्त्यात उभं काय काय असतं बघा. मैलाचा दगड, पाटी, पुलाचा कठडा, गटाराचं लोखंडी झाकण. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर मागून येणारा आपल्यावर आदळेल. म्हणून ही गाडी उभी गोष्ट सोडून देते. फक्त जी गोष्ट तिनं एकदा चालताना पाहिली, ती नंतर उभी राहिली तरी तिला ती गाडी म्हणूनच ठाऊक असते, तिच्यासाठी ती थांबते. (नव्या काही गाड्यांत कॅमेराही जोडीला असतो आणि त्या उभ्यालाही ओळखतात, असं ती म्हणाली. या गाडीत तो नाही.) दाजी, मी तिथं रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. कारण हे मला नवं नव्हतं. आमच्या पडद्यावरही डोंगर नसायचे. डोंगरावरून लाट परत यायची, चांगली जोरात यायची, पण आम्हीच यंत्राला सांगून ठेवलेलं असायचं, की जे हलत नाही ते पुसून टाक. एवढे मोठे डोंगर, आणि पडदा स्वच्छ! तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी वाटलं. दिसणं वेगळं आणि जमेस धरणं वेगळं, हे एवढ्याशा डबीतही आहे आणि तुमच्या मांडवातही होतं. तुम्ही मला पाहिलं नाही असं नाही. पाहिलंत आणि सोडून दिलंत.

पण दाजी, मला तुम्ही चालताना पाहिलंय. मे महिन्याच्या सुट्टीत शिवांजली आमच्याकडं सायकल शिकली, तेव्हा तिच्या सीटला धरून मागं कोण पळत होतं? बंधाऱ्यावरून भर उन्हात, चप्पल तुटलेली, आणि तुम्ही आंब्याखाली बसून ‘मामा पळतोय, मामा पळतोय’ म्हणून टाळ्या वाजवत होता. मी हात कधी सोडला ते तिला कळलंच नाही. ती वळून बघेपर्यंत बंधाऱ्याच्या टोकाला गेली होती. पोरीच्या मागं उभं राहायचं म्हणजे काय, ते मला तेवढंच येतं. आप्पासोला येत असेल तर तो उभा राहू दे. मी मग कडेच्या खुर्चीत बसेन, चहा आला नाही तरी बसेन. पण एकदा विचार करून बघा.

अंजनाला आशीर्वाद, शिवांजलीला पुष्कळ आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार. रागावलेले असाल तरी औषधाच्या गोळ्या वेळेवर घ्या, राग पोटात ठेवून घेतल्या तर लागू पडत नाहीत असं ऐकलंय.

तुमचा मेव्हणा,
गुंडा

ता. क. आप्पासोबद्दलची तक्रार लिहायची राहिली. त्यानं लग्नासाठी मामाचा म्हणून मरून रंगाचा कोट शिवायला टाकलाय, असं कळलं. मला तो रंग आवडत नाही. पण कापड वाया जाऊ नये, तेव्हा शिंप्याला सांगून पोटात जरा सैल करून ठेवा.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण पुढंच आहे. क्रांती गाडी पुण्याला घेऊन गेली, आणि यापुढं माझ्या शेजारी फक्त एसटीतच बसेन असं मनुबाईंनी जाहीर केलंय. वडूजहून पलूसला यायला एसटी आहे, हे मला ठाऊक आहे (तुम्ही तेच म्हणाल, म्हणून आधीच लिहितो). पण मामा आपल्या पायानं मांडवात जात नाही, त्याच्या घरी अक्षत यावी लागते. तेव्हा ती घेऊन तुम्ही स्वतः या आणि आम्हाला न्या. जीप आणा, ट्रॅक्टर आणा, ट्रॉलीत बसायलाही आमची ना नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुम्ही कधी निघाल ते कळवणार नाही, हे मी धरून चाललोय. या वेळी माझ्याकडून उशीर व्हायला नको, म्हणून फेटा आजच बांधून बसलोय. लग्नाला अजून महिना आहे. मनुबाई विचारतात, झोपताना तरी काढणार का? मी म्हटलं, आणि तेवढ्यात दाजी आले तर?